पिनाचं गटिंग

तार तुटल्याचा आवाज लायलने बाकावरूनच ओळखला. टियाची आज ही दुसरी रॅकेट गेली. तिसऱ्या सेटमध्ये ती पाच-चारने मागे होती. शेजारच्या गावाशी चाललेल्या या लढतीत दोन्ही गावांचे तीन-तीन सामने जिंकून झाले होते, आणि विजेत्याची ढाल आता तिच्या या सातव्या सामन्यावर अडली होती.

टिया संघातली शेवटच्या नंबरची. लायलही कधीकाळी अमेरिकेत कॉलेजच्या टेनिस टीममधून चार वर्षं शेवटच्याच नंबरवर खेळला होता. शेवटच्याचा गुणही पहिल्याइतकाच धरतात, एवढं तो तिथे शिकला. मग क्वीन्सलंडमधल्या या ऊसगावात परत येऊन त्याने तीस वर्षं पोरांना तेच शिकवलं. त्यातल्या अकरा जणांना त्याने त्याच वाटेने कॉलेजात पाठवलं. त्या सगळ्यांच्या रॅकेटचं गटिंग, म्हणजे तारा ओढून बांधायचं काम, त्याची बायको पिना स्वयंपाकघरातल्या टेबलावर करायची.

एप्रिलमध्ये पिना गेली. तिला पुरून आल्यावर क्लबचा अध्यक्ष गॉर्डन सँडविचची बशी त्याच्या हातात देत म्हणाला होता, वर्षभर आराम कर, आपण टाउन्सव्हिलहून कुणी तरुण कोच आणू. लायलने बशी टेबलावर परत ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला तो वारुळाची माती ठोकून केलेल्या क्लबच्या लाल कोर्टावर नळी घेऊन पाणी मारत होता. पण आज ढाल गेली, तर गॉर्डन ती बशी पुन्हा घेऊन येणार, हे त्याला पक्कं माहीत होतं.

टिया बाकाशी आली. "कुणाची तरी रॅकेट मागून दे."

"तुझी तिसरी आहे ना बॅगेत."

"ती नको."

लायलला कळलं. पिनाने बांधलेली ती शेवटची रॅकेट होती. पाठीला उशा लावून, दोन तारा ओढल्या की दम घेत, तिने ती दोन दिवसांत पुरी केली होती. टियाने अजून तिच्यावरची प्लास्टिकची पिशवीही काढली नव्हती.

"तुटली तर?" टिया म्हणाली.

"तुटायलाच बांधलीये. कपाटात ठेवायची असती तर तिने लेस विणली असती."

टियाने मनगटाने नाक पुसलं.

"आणि आधी पाय हलव, मग रड," लायल म्हणाला. "हे तिचंच आहे, माझं नाही."

पिशवी त्यानेच फाडली.

पाच-पाच झाले. मग सहा-पाच, टिया पुढे. शेवटच्या गेममध्ये त्याही रॅकेटची तार गेली. कुंपणावरून पोरांनी आपापल्या रॅकेटी पुढे केल्या, पण टियाने तिकडे पाहिलंही नाही. ढिल्या पडलेल्या तारांनीच तिने उरलेले दोन पॉइंट काढले आणि कोर्टाच्या मधोमध उकिडवी बसली.

गॉर्डन ढाल काखेत घेऊन आला. त्याचे डोळे भरले होते. तो म्हणाला, ही रॅकेट आपण क्लबच्या भिंतीवर लावू, काचेत, खाली पिनाचं नाव घालू.

लायलने पिनाच्या हत्यारांच्या डब्यातली तार कापायची पक्कड काढली. एक तार तुटली की बाकीच्या लगेच कापायच्या, नाहीतर फ्रेम वाकडी होते. रॅकेट तशीच ठेवणाऱ्या पोरांना पिना दारातून परत पाठवायची.

"अरे थांब, लायल. राहू दे ना ही एक."

"हिला सोमवारी सहाला रॅकेट लागेल."

"बांधणार कोण?"

"मी बांधीन. वाईट बांधीन. मग परत बांधीन. टाउन्सव्हिलहून कुणी येणार नाहीये, गॉर्डन."

मधल्या तारांपासून सुरुवात करून तो कडेकडे कापत गेला. शेवटी एका कोपऱ्यात पिनाची गाठ उरली, एक वेढा जास्त घेतलेली. तीही त्याने कापली. तारांचे तुकडे लाल मातीवर पडले.

गॉर्डन ते उचलायला वाकला.

"तू ढाल धर," लायल म्हणाला, आणि स्वतः गुडघ्यांवर बसला. एकेक तुकडा वेचायला त्याला बराच वेळ लागला.