किती दिवस चालवायचा

सुमनबाईंचा आवाज गेला त्याला वर्ष होऊन गेलं होतं. आधी शब्द जड झाले, मग घास अडकायला लागला. हैदराबादच्या डॉक्टरांनी नसांचा आजार सांगितला. यावर औषध नाही, हळूहळू हातही जातील, म्हणाले. पुढचं त्यांनी सुमनबाईंचे यजमान श्रीमंतराव यांना एकट्यांना आत बोलावून सांगितलं. श्रीमंतरावांनी ते आपल्याजवळच ठेवलं. हदगावला दिलेल्या लेकीला, सिंधुला, आईच्या नसा अशक्त झाल्यात आणि गोळ्या चालू आहेत एवढंच माहीत होतं.

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा तिथल्या कचेरीत सुमनबाई टायपिस्ट म्हणून लागल्या होत्या. लोह्याच्या त्यांच्या वस्तीतून सरकारी नोकरीला गेलेली ती पहिली बाई. पुढे टाईपरायटर गेले, कॉम्प्युटर आले, तेही त्या भराभर शिकल्या. आता डाव्या हाताचं एक बोट तेवढं नीट चालत होतं. मोबाईलवर ते बोट एकदम तीन अक्षरांवर पडायचं आणि पेन तर धरताच येत नव्हता. पण पुढच्या खोलीतल्या जुन्या कॉम्प्युटरची मोठी बटणं त्या बोटाला न बघता सापडायची. पडद्यावर मोठमोठी अक्षरं उमटायची आणि घरात आलेला माणूस ती वाचून उत्तर द्यायचा. एरवीचं बोलणं सगळं त्याच्यावरच. डाळीत मीठ जास्त झालं. शेजारच्या धोंडाबाईंचा नातू पास झाला का? खिडकी लावा, धूळ येते.

त्या उन्हाळ्यात धूळ थांबतच नव्हती. पाऊस दोन वर्षं दगा देऊन गेला होता, गल्लीत टँकर आला की पाणी, नाहीतर नाही. एप्रिलच्या मध्यात कॉम्प्युटर बंद पडायला लागला. चालू केला की पाच-दहा मिनिटं चालायचा आणि सुमनबाई काही लिहीत असतानाच पडदा काळा व्हायचा. अर्धं वाक्य तसंच राहायचं. श्रीमंतराव अंदाजानं पुढचं बोलून बघायचे, त्या मान हलवून नाही म्हणायच्या.

शेवटी श्रीमंतराव बसस्टँडजवळ कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान असलेल्या गुरुलिंगला बोलावून घेऊन आले. तो सहसा कुणाच्या घरी जात नसे, लोक मशीन दुकानात आणून टाकत. पण ऐकल्यावर तो पिशवी उचलून निघाला. "काकूचं बोलणंच बंद हाय म्हणल्यावर दुकानात कशाला ठिवून घेऊ," म्हणाला.

त्यानं कॉम्प्युटरच्या डब्याची बाजू उघडली. आतल्या पंख्यावर धुळीचा थर जमला होता, पातं जेमतेम फिरत होतं. ब्लोअरनं त्यानं धूळ उडवली, पंखा बदलला, चालू केला. थोड्या वेळानं पुन्हा बंद. मग जवळचा पॉवर सप्लाय लावून बघितला, मेमरीची पट्टी काढून दुसरी बसवली. तरी तेच. मग त्यानं बॅटरी हातात घेऊन मदरबोर्डवर उजेड टाकला आणि बराच वेळ वाकून बघत राहिला.

"हे बघा सर," तो श्रीमंतरावांना म्हणाला. "हे बारके डबे दिसतेत का, नळकांड्यावानी? वरून सपाट पाहिजेत. ह्ये चार फुगलेत. गरमीनं गेलेत."

"मंग?"

"दोन गोष्टी हायेत. हे चार काढून नवे डाग देऊन बसवतो. पण बोर्ड जुना हाय, आज हे गेले, उद्या दुसरे जातील. वर्ष काढंल, लई झालं तर दोन. न्हाईतर नवा घ्या, सात-आठ वर्षं बघायचं काम न्हाई." त्यानं पेचकस पुसला आणि सहज विचारलं, "तुम्हाला अजून किती दिवस चालवायचाय?"

गुरुलिंगनं वर बघितलं, श्रीमंतरावांचा चेहरा बघितला, मग खुर्चीवरच्या सुमनबाईंकडे नजर गेली आणि त्याला आपण काय विचारलं ते कळलं. तो उगाच वायर गुंडाळायला लागला.

"नवा घेऊ," श्रीमंतराव एकदम मोठ्यानं म्हणाले. "चांगल्यातला चांगला आणा. आठ वर्षं चालला पाहिजे."

सुमनबाईंनी टेबलावर बोट आपटलं. त्यांना बोलायचं होतं. गुरुलिंगनं टेबलफॅन ओढून उघड्या डब्यापुढं लावला. "असा लावला की जरा येळ टिकंल, काकू," म्हणाला आणि बटण दाबलं.

पडदा उजळला. मग सुमनबाईंचं बोट एकेका अक्षरावर जायला लागलं.

दुरुस्त करा. तेवढा पुरतो.

"सुमन, तू मधी बोलू नको," श्रीमंतराव म्हणाले. "तुला काय माहीत हाय?"

तुम्ही दवाखान्यातून बाहेर आलात तेव्हाच कळलं. चप्पल घालायची विसरला होतात.

गुरुलिंग पिशवी तिथंच ठेवून बाहेर ओट्यावर जाऊन उभा राहिला.

श्रीमंतराव खाली बसले. राग कुणावर काढावा ते त्यांना सुचेना. "वर्षभर तू माझ्यापुढं हसत बसलीस," ते म्हणाले.

तुम्हीही.

"मला वाटलं, तुला न कळलेलं बरं."

मला वाटलं, तुम्हाला बोलायला जड जाईल.

पंख्याचा घरघर आवाज येत होता. श्रीमंतरावांनी डोळे पुसले, पुन्हा पडद्याकडे बघितलं. बोट परत चालायला लागलं होतं, नेहमीपेक्षा सावकाश.

सिंधुला सांगा. हात आहेत तोवर तिच्याशी बोलायचंय. नंतर आली तर काय ऐकेल?

"सांगतो," ते म्हणाले. "आणखी काय हाय मनात? सगळं लिही आता."

त्या लिहीत राहिल्या. शेवटच्या दिवसांत नळी घालायची नाही. गेल्यावर बुद्धवंदना घरातच व्हावी, मोठा कार्यक्रम नको. निळी साडी धोंडाबाईंना द्यावी. श्रीमंतराव प्रत्येक ओळ वाचून हाव म्हणत होते. एका ओळीला नाही म्हणाले, माझ्यामागं लेकीकडे जाऊन राहा, त्या ओळीला. त्यावरून त्यांचं भांडण लागलं, आणि ते मिटायच्या आतच पडदा काळा झाला.

गुरुलिंग आत आला. काही न विचारता त्यानं मदरबोर्ड सोडवला आणि कापडात गुंडाळून दुकानात नेला. दिवेलागणीला तो परत आणून बसवला. कॉम्प्युटर तासभर चालवून बघितला, बंद पडला नाही. सुमनबाईंनी त्याला लिहिलं, जेवून जा. तो जेवूनच गेला.

रविवारी हदगावची गाडी उशिरा आली. श्रीमंतराव स्टँडवर निंबाखाली उभे होते. सिंधु उतरली, पिशव्या घेऊन घराकडे निघाली, तेव्हा त्यांनी तिला थांबवलं आणि तिथंच बाकावर बसवून सगळं सांगितलं. हैदराबादचे डॉक्टर काय म्हणाले तेही. ती पदर तोंडाला लावून रडत राहिली. ते शेजारी बसून राहिले.

"आईला ठाव हाय का ह्ये?" तिनं खूप वेळानं विचारलं.

"हाव. तिनंच तुला बोलवायला लावलं."

सिंधुनं तोंड पुसलं, उठली. रस्त्यात ती एकदाच बोलली. म्हणाली, "मी महिनाभर राहते, बाबा. घरी फोन करून सांगते." श्रीमंतरावांनी तिच्या हातातली जड पिशवी घेतली आणि दोघं उन्हातून घराकडे चालत राहिले.