खालची तळी

धुळ्यातल्या जुन्या चर्चमागच्या कबरस्तानात मी सकाळपासून प्रत्येक क्रूसावरचं नाव वाचत होते. माझी पणजी रतनीबाई कुठेच सापडत नव्हती. तिची नात, म्हणजे माझी आत्या चमेलीफुई, निंबाखाली बसून कुरकुरत होती. तिला काही आठवेल म्हणून मी सातपुड्यातून एसटीने घेऊन आले होते, आणि पणजीला इथेच पुरलंय, यापलीकडे तिला काहीच आठवत नव्हतं.

"आठेच पुरेल शे, असं बाबा सांगे. नाव लिखेल शे का नई, माले काय मालूम?"

मला राग आला होता, भूकही लागली होती. गवतातल्या एका गोल दगडावर मी भाकरीचा डबा ठेवला. तो कलला, म्हणून दगडावरची माती हाताने सारली, तर बोटांना टाकीचे घाव लागले. दगडाच्या मध्यभागी भोक होतं.

आमच्या घरी जात्याची फक्त वरची तळी आहे. आम्ही तिच्यावर माठ ठेवतो. खालची कुठे गेली, हे मी कधी कोणाला विचारलंच नव्हतं.

"फुई, इकडे ये जरा."

फुई दगडावरून बराच वेळ हात फिरवत राहिली. क्रूसाऐवजी घरच्यांनी पणजीच्या जात्याची खालची तळीच तिच्या उशाशी ठेवली होती. मग फुईने डबा उचलून गवतात ठेवला, भाकरीचा पहिला तुकडा मोडला आणि त्या भोकात ठेवला.

"जलमभर दळत ऱ्हायनी तू, मोठी माय," ती म्हणाली. "आते आयतं खाय."