जाळ्याचा हिस्सा

नागभीडकडच्या त्या तलावकाठच्या शाळेत तिसरीची देशपातळीवरची चाचणी झाली, तेव्हा भाग्यश्री मॅडमला वर्गात तोंड उघडायची सोय नव्हती. प्रश्न अगदी सोपा होता: चौघांनी वीस मासे धरले, सारखे वाटले, तर प्रत्येकाला किती? अख्ख्या वर्गाने चारचा गोल रंगवला.

पेपर सुटताच मॅडमने दिव्यानीला गाठलं. "काऊन वं, पाच नाई येत?"

"मॅडम, जाळ्याचा हिस्सा नाई ठेवाचा का?"

मॅडमला उलगडा झाला. गावात मासळी वाटताना जाळ्यालाही एक माणूस धरतात; त्याच्या हिश्श्यातून फाटलंतुटलं सांधतात. म्हणजे वाटेकरी पाच. पेपर काढणाऱ्या वरच्या लोकांच्या ताटात मासे आपसूक उड्या मारत येत असावेत!

निकालात शाळेचा भागाकार कच्चा निघाला. मॅडमने केंद्रप्रमुखांना जीव तोडून समजावलं.

"पटते मले," ते म्हणाले. "पण पेपर वरून येते अन् तपासते मशीन. मी कोणाले सांगू? तुमीच पोरायले सुधरवा."

तेव्हापासून ती रोज फळ्यावर मासे काढते आणि बजावते, "जाळं मोजायचं नाही. फक्त माणसं मोजायची."

काल दिव्यानीनेही पाच लिहिलं. पाटी पुढे करून तिने हळूच विचारलं, "मॅडम, जाळ्याले काईच नाई देल्लं, त पुढच्या खेपी मासे कशात धराचे?"

मॅडमने पाचावर बरोबरची खूण केली आणि पुढची पाटी मागितली.