आरसा ठेवण्यापुरता केस

प्रकाशाला वाट दाखवणं यापरतं थोर काम नाही, असं थेंबेमास्तर परिषदांमधून सांगत. प्रत्यक्षात ते पाण्याचा एक थेंब इकडून तिकडे सरकवत. टोपणनाव त्यावरूनच पडलेलं. काचपट्टीवरच्या चौकोनांना पाळीपाळीने वीज दिली की थेंब पुढे पुढे ओढला जाई, पाठीवर खसखशीच्या दाण्याएवढा आरसा घेऊन. आणि त्या आरशावरून परतलेला उजेडाचा ठिपका भिंतीवर सरके.

आरसा थेंबावर ठेवायला चिमटा चालत नसे. काडीच्या टोकाला चिकटवलेला केस लागे. तो बायको पुरवी.

"ताटात सापडला की घर डोक्यावर घेता, आणि आता हात पसरून उभे!" असं म्हणत ती एक उपटून देई.

मग ती आजारी पडली. औषधांनी केस गेले. "आता काय उपटणार?" तिने विचारलं होतं. मास्तर हसले नाहीत, याचं तिला वाईट वाटलं. पुढे तीही गेली. तिचा केस लावलेली काडी एकच उरली.

समिती प्रयोगशाळेच्या पाहणीला आली तेव्हा साहाय्यिका हळूच म्हणाली, "सर, ती काडी राहू द्या हो कपाटात. माझा केस घ्या."

"तुझा रंगवलेला. रंग थेंबात उतरतो."

"कधी बघितलात उतरलेला?"

मास्तरांनी कपाटातली काडी काढली. आरसा बसला, पण काडी उचलताना केस सुटला आणि आरशालाच चिकटून राहिला. ओढावा तर आरसा बुडणार. अध्यक्ष घड्याळ बघत होते. मास्तरांनी वीज सोडली.

थेंब निघाला. भिंतीवर ठिपका सरकू लागला, आणि त्याच्या मधोमध एक बारीक काळी रेघ, टोकाशी जराशी वळलेली. तिचे केस तसेच वळत. मास्तर बघतच राहिले.

"ती रेघ कसली हो?" अध्यक्षांनी विचारलं.

"केस आहे."

"कुणाचा?"

"घरचा."

"जरा स्वच्छता पाळत चला, सर. पुसा आणि परत दाखवा."

मास्तरांनी स्पिरिटचा बोळा घेतला आणि पट्टी पुसली. मग बोळा उलगडून पाहिला, खिडकीशी नेऊन पाहिला. एवढासा तुकडा, दिसेना. समिती ताटकळली होती.

साहाय्यिकेने आपला एक केस उपटला आणि त्याच काडीला लावून दिला. नव्या थेंबावर आरसा पहिल्याच झटक्यात बसला. ठिपका भिंतीवर स्वच्छ पडला.

रंग उतरला नाही.