हातखर्च

ओलेथाने नातवाच्या मुठीतून टेबलावरचं पेन सोडवलं आणि बदल्यात मून पायचा, त्या चॉकलेटच्या बिस्किटाचा, उरलेला तुकडा त्याच्या हातात दिला. काल कार्निव्हलच्या परेडमध्ये झेललेल्या जांभळ्या-सोनेरी मण्यांच्या माळा कायलनच्या गळ्यात अजून होत्या. निघताना त्या काढायचं नुसतं नाव घेतलं, तर पठ्ठ्याने घर डोक्यावर घेतलं होतं.

चर्चच्या मागच्या हॉलमध्ये या दिवसांत दर शनिवारी टॅक्सचे रिटर्न फुकट भरून देत. समोर बसलेले मिस्टर टॉलिव्हर गणित शिकवून निवृत्त झाले होते. त्यांनी ओलेथाच्या लेकीकडे, रेनिटाकडे, चष्म्यावरून पाहिलं.

"हॉस्पिटलात ड्यूटी असते तेव्हा मुलगा कुणाकडे?"

"मम्माकडे. आणखी कुणाकडे?"

"तिला पैसे देतेस?"

रेनिटा घुटमळली. "देते ना. दर शुक्रवारी चेक देते."

"सांभाळायचे देत असशील तर टॅक्समध्ये सूट आहे. आई असली तरी चालतं. पण गेल्या वर्षी तू मिस ओलेथांना आश्रित दाखवलंयस."

"आश्रित?" ओलेथाने मान वर केली. "कोण आश्रित?"

"मम्मा, तो नुसता टॅक्सवाल्यांचा शब्द आहे गं. घरभाडं मी भरते, लाइटबिल मी भरते, म्हणून—"

"आणि पहाटे उठून याचं दूध कोण गरम करतं? लाइटबिल?"

पलीकडच्या टेबलावरची बाई खुदकन हसली. मिस्टर टॉलिव्हर मात्र हसले नाहीत.

"दोन्ही एकदम नाही चालत. आईला आश्रित दाखवायचं आणि तिलाच दिलेल्या पैशांवर सूटही मागायची, असं होत नाही."

"मग जास्त पैसे परत कशात मिळतात?" रेनिटाने विचारलं.

"आश्रित लिहिलं तर थोडं जास्त. पण आपण निवडायचं नसतं, बाळा. तो चेक कशाचा, ते सांग. पगार असेल, तर एवढी कमाई असलेलं माणूस आश्रित धरत नाहीत. पगार नसेल, तर सूट नाही."

रेनिटाच्या गाडीचा गिअरबॉक्स गेला होता आणि दुरुस्तीची सगळी भिस्त या परत मिळणाऱ्या पैशांवर होती. आठवडाभर ती दोन बस बदलून कामावर जात होती.

"पगार कसला?" ती पटकन म्हणाली. "असंच आपलं. हातखर्चाला."

कायलनच्या पाठीवर फिरणारा ओलेथाचा हात थांबला.

हा शब्द तिच्या चांगला ओळखीचा होता. तरुणपणापासून ती टेकडीवरच्या मोठ्या घरांतून लोकांची मुलं वाढवत आली होती. त्यांचे दात, त्यांचे गोवर, त्यांचे पहिले शब्द, सगळं तिच्या कडेवर झालं. शुक्रवारी मालकीणबाई घडी घातलेल्या नोटा तिच्या एप्रनच्या खिशात सरकवायच्या आणि म्हणायच्या, "हे तुझ्या हातखर्चाला हं, ओलेथा." त्यांच्यापैकी एकीनेही तिला कधी मानाने 'मिस' लावलं नाही, की तिचं काम कुठे नोंदवलं नाही. पुढे पेन्शनची चौकशी करायला गेली, तेव्हा काउंटरवरच्या मुलीने स्क्रीनवर पुन्हा पुन्हा शोधलं आणि अगदी गोड आवाजात विचारलं, तुम्ही कधी नोकरी केलीच नाही का? येताना बसमध्ये ओलेथा हमसून हमसून रडली होती. शेजारच्या सीटवर रेनिटाच होती.

"लिही बाई, तुला हवं ते," ओलेथा म्हणाली. नातवाचा निसटलेला मोजा तिने उचलला, झटकला आणि त्याच्या पायात घालायला लागली. मोजा चढता चढेना.

रेनिटा त्या हातांकडे बघत राहिली.

"मिस्टर टॉलिव्हर," ती म्हणाली, "ते हातखर्चाचं सोडा. पगार आहे तो. माझी आई काम करते आणि मी तिला पगार देते."

"कमी मिळतील."

"मिळू देत. गाडी ढकलत नेईन."

"मला नको हाक मारूस ढकलायला," ओलेथा म्हणाली. अभिमानाने तिचा ऊर भरून आला होता. तो लेकीचा की स्वतःचा, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. मोजा एकदाचा पायात गेला.

मिस्टर टॉलिव्हरनी पान बदललं. "मग मिस ओलेथा, तुमचाही रिटर्न भरावा लागेल. टॅक्स बहुतेक शून्यच येईल."

"शून्य? असं कसं? थोडा तरी लावा की."

"नियमच आहे तसा, काय करणार? बरं, व्यवसाय काय लिहू? बेबीसिटर?"

"सिटर म्हणजे बसणारी ना? हा पोरगा मला बसू देतो का?" ओलेथाने क्षणभर विचार केला. "लिहा, मुलं वाढवते. बरीच वाढवून झाली, हे एक चालू आहे."

त्यांनी मान खाली घालून ते टाइप केलं आणि कागद तिच्यापुढे सरकवला. ओलेथाने पेन उचललं. कायलनने लगेच झडप घातली आणि माळा खळखळल्या.

तिने त्याला दोन्ही हातांनी उचललं आणि चॉकलेटने माखलेल्या बोटांसकट लेकीच्या मांडीवर नेऊन ठेवलं.

"घे याला," ती म्हणाली. "शनिवारी मला सुट्टी असते."