चढावरची टिणटिण

मोजणीवाली बाई टेम्पोतून उतरली तेव्हाच मी ओळखलं, आज आपल्या घरात काही खरं नाही. जमिनी मोजायचं तिचं काम. तिपाई आणि यंत्राची पेटी मागे बांधून ती रोज कुठल्या ना कुठल्या टेकडीवर चढायची. मागच्या महिन्यात तिच्या मोटरसायकलचा सायलेन्सर सडला, म्हणून आमच्या ह्यांनी आमच्या गॅरेजात नवा मोकळा सायलेन्सर बसवून दिला आणि इंजिन त्याच्याशी जुळवून दिलं. आता तीच गाडी दोरीने बांधलेली टेम्पोत उभी होती.

"चढावर एकाएकी बंद पडली," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं, मला चार शब्द तरी उलटून बोलता आले असते.

आमच्या चिरंजीवांनी इंजिन उघडलं. पिस्टनला मधोमध भोक. त्याने ते बाईंना दाखवलं, मग वडिलांकडे वळून अगदी शांतपणे म्हणाला, "बाबा, आजपासून तुम्ही इंजिनाला हात लावायचा नाही. काउंटरवर बसा."

हे एवढ्यासाठी सांगते की सायलेन्सर बदलणं म्हणजे नुसता पाइप बदलणं नव्हे. धूर मोकळा निघायला लागला की इंजिन जास्त हवा ओढतं, आणि हवा वाढली की पेट्रोलही वाढवावं लागतं. नाही वाढवलं तर इंजिन आतून तापतं आणि पेट्रोल वेळेआधीच भडकतं. चढावर जोर लावला की त्याची बारीक टिणटिण ऐकू येते. ती ऐकून सावध झालं नाही, तर मग टेम्पो बोलवावा लागतो. ह्यांनी उभं आयुष्य गाड्या कानाने जुळवल्या. स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला, मूठ कानाला आणि एक डोळा मिटलेला. लांबून लोक यायचे त्या कानासाठी.

आणि तो कान गेला होता. दाराची बेल ऐकू येईना, मोबाइल ऐकू येईना. माझी हाक तर त्यांना लग्नापासूनच ऐकू येत नव्हती, ती मी धरत नाही. विचारलं की म्हणायचे, "तूच हल्ली पुटपुटतेस." ताकाला जाऊन भांडं लपवायची सवय, दुसरं काय!

चार-पाच दिवस हे काउंटरवर बसून ऑइलचे डबे विकत होते. चिरंजीव मधूनमधून येऊन विचारायचा, "बाबा, पाणी हवं का? पंखा लावू का?" पोरगा वाईट नाही. गॅरेजचं नाव जाईल ही त्याची भीतीही खरी. पण माझ्या नवऱ्याला स्वतःच्याच गॅरेजात पाहुणा करून ठेवलेलं बघून माझं डोकं फिरलं. एका दुपारी पोरगा सुटे भाग आणायला गेला आणि मी वरच्या घरातून खाली उतरले.

"अहो, तुम्हाला ऐकू येत नाही."

"हळू बोल. लोक ऐकतील."

"लोकांना ऐकू येतंय हो. घोळ तुमचाच आहे."

त्यांचा चेहरा लाल झाला. आता डबा फेकतात की काय असं मला वाटलं. पण ते काउंटरकडे बघत म्हणाले, "बारीक आवाज गेलेत. जाडे येतात. बारीक एकही नाही."

"मग माझे कान आहेत की. तुमची बोलणी खाऊनसुद्धा शाबूत राहिलेत."

"तुला इंजिनातलं काय कळतंय?"

"इंजिनातलं काही कळत नाही. पण त्या आवाजाच्या नावाने इतकी वर्षं तुमच्याशी भांडतेय, आवाजातलं मला नाही कळणार तर कुणाला?"

हे हसले. त्या आठवड्यातलं पहिलं हसू. मग मागच्या अंगणात ताडपत्रीखाली उभी असलेली स्वतःची जुनी मोटरसायकल त्यांनी बाहेर काढली आणि तिला तसाच मोकळा सायलेन्सर चढवला. टिणटिण कशी असते ते कळावं म्हणून पत्र्याच्या डब्यात मूठभर वाटाणे टाकून माझ्या कानाशी हलवले. "हे असं, पण लांबून. वाजलं की माझ्या खांद्यावर थाप मार."

पाण्याच्या टाकीकडे जाणारा रस्ता चांगला चढाचा आहे. आम्ही निघालो तेव्हा निम्मी गल्ली गॅलरीत आली. "आजी-आजोबा फिरायला निघाले वाटतं!" कुणीतरी वरून ओरडलं. मी पण ओरडले, "तुम्हाला जळायला काय झालं?" आणि ह्यांची कंबर आणखी घट्ट धरली.

पहिल्याच चढावर वाटाणे वाजले. मी थाप मारली. वर पोचल्यावर ह्यांनी इंजिनातला ठिणगीचा प्लग काढून दाखवला. टोक खडूसारखं पांढरं. म्हणजे पेट्रोल कमी. कार्बोरेटरमध्ये जेट नावाचा पितळेचा एवढासा तुकडा असतो, त्याच्या भोकातून पेट्रोल जातं. ह्यांनी मोठ्या भोकाचा जेट घातला. पुन्हा चढ, पुन्हा थाप, पुन्हा जेट. शेवटी माझे कान गप्प झाले आणि प्लग बिस्किटाच्या रंगाचा निघाला. मी तो रंग बघून टाळ्या वाजवल्या, एवढ्या पोराच्या पहिल्या पावलालाही वाजवल्या नव्हत्या.

परत आलो तर चिरंजीव दारात.

"आई, हे काय चाललंय?"

"काम चाललंय."

"गिऱ्हाइकाला काय सांगू मी? मिस्त्रीला ऐकू येत नाही, म्हणून आई मागे बसून ऐकते?"

"हेच सांग. खोटं काय आहे त्यात?"

पण सांगायची वेळ त्याच्यावर आलीच नाही. दुसऱ्या दिवशी मोजणीवाली आली. चिरंजीवाने नवा पिस्टन बसवला होता, जुळवायचं काम तेवढं राहिलं होतं. हे काउंटरवरून उठले आणि तिच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"बाई, मला बारीक आवाज ऐकू येत नाहीत. तुमचा पिस्टन माझ्यामुळे गेला. तरी गाडी मीच जुळवणार. ऐकायला ही येईल."

पोराने कपाळाला हात लावला. बाई माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघत होती. मीही तिच्याकडे तसंच बघितलं.

"मी टेकडीवर एकटी असते," ती म्हणाली. "पुन्हा अडकले तर हाक मारायलाही कुणी नसतं. एकदाच बघू. आज, माझ्यासमोर. नाही जमलं तर तुमचा मुलगा करेल, आणि तुम्ही माझ्या गाडीला हात लावायचा नाही."

"तुमच्याच काय, कुणाच्याच लावणार नाही," हे म्हणाले. असं काही पणाला लावायचं आमचं ठरलं नव्हतं.

जेट बदलून झाला. बाई आणि चिरंजीव आधीच जाऊन वर पाण्याच्या टाकीपाशी उभे राहिले. आम्ही खालून निघालो. सरळ रस्त्यावर ह्यांनी हँडलची पेट्रोलची मूठ पूर्ण पिळली, इंजिन भरदार आवाजात चढू लागलं, आणि एकही वाटाणा वाजला नाही. मधल्या वळणावर त्यांनी मूठ थोडी सोडली. तेवढ्यात वाजलं. अगदी पुसट, श्वासभर. मी हात उचलला, पण वळण संपलं, ह्यांनी पुन्हा मूठ पिळली आणि मला पडू नये म्हणून धरून बसावं लागलं.

वर ह्यांनी इंजिन बंद करून प्लग काढला आणि फडक्यात धरला. बिस्किटाचा रंग. चेहरा असा फुलला होता की मला बघवेना. चिरंजीव वाकला, नीट निरखून म्हणाला, "बरोबर आहे, बाबा." मनापासून म्हणाला. बाईने किल्लीसाठी हात पुढे केला.

मी गप्प बसले असते तर माझा नवरा जिंकला होता. बोलले असते तर त्याच्या स्वतःच्या बायकोनेच त्याला चारचौघांत पाडलं असतं. आणि ही बाई परवा एकटी कुठल्यातरी टेकडीवर. मला त्या क्षणी सगळ्यांचा राग आला, स्वतःच्या कानांचा सगळ्यात जास्त.

"वाजलं," मी म्हणाले.

"आई, प्लग बघ ना. रंग एकदम बरोबर आहे."

"रंग तू बघ. मी ऐकलंय. वाजलं म्हणजे वाजलं."

हे माझ्याकडे बघत राहिले. भाजीत मीठ बरोबर आहे हेसुद्धा माझ्या शब्दावर कधी न मानलेला हा माणूस.

"कुठे?"

"वळणावर."

"मूठ सोडली तेव्हा?"

"हो. थोडी सोडलीत ना, तेव्हाच."

ते खाली बसले. "मग घोडं तिथे पेंड खातंय. प्लग पूर्ण मुठीचं सांगतो. अर्ध्या मुठीवर जेट नाही, कार्बोरेटरमधली सुई पेट्रोल देते. सुई एक खाच वर घ्यायला हवी." रस्त्याच्या कडेलाच त्यांनी कार्बोरेटर उघडला.

बाईने किल्लीचा हात मागे घेतला. "म्हणजे तुम्ही आत्ता मला चुकीची जुळवलेली गाडी देत होता. आणि पुन्हा चुकलात तर?"

ह्यांनी मान वर केली नाही. बोटं सुईवरची बारीक क्लिप काढत होती.

"चुकलो तर ही सांगेल. आत्ता नाही का सांगितलं, तुमच्यासमोर?"

बाई दगडावर जाऊन बसली. चिरंजीवाने खिशातून पक्कड काढून वडिलांपुढे धरली.

आम्ही पुन्हा खाली गेलो, पुन्हा वर आलो. वळणावर ह्यांनी मुद्दाम मूठ सोडली, धरली, पुन्हा सोडली. मी श्वास रोखून ऐकत होते. वारा होता, इंजिनाचा जाडा आवाज होता, दुसरं काही नव्हतं.

वर पोचल्यावर त्यांनी इंजिन बंद केलं आणि गाडीवरून न उतरताच मान मागे वळवली. बाई उठून जवळ आली. चिरंजीवाने प्लगचा पाना पुढे केला.

"काय गं?" ह्यांनी मला विचारलं.

"नाही वाजलं."

त्यांनी पाना घेतलाच नाही. किल्ली काढली आणि बाईच्या हातात दिली.