फुंकर

ठिपका मोहरीहून लहान, गोल, कडेला गुळगुळीत आणि पिवळा — तोच पिवळा, जो प्रयोगशाळेतल्या बावीस वर्षांत तिने जंतू वाढवायच्या किती हजार प्लेटींवर पाहिला असेल, आणि जो पाहून तिला दरवेळी, वेड्यासारखं, बरंच वाटत आलं होतं. कारण बाकीचे जंतू कसे ओशट, करडे, वासाला घाण, हा एकटा देखणा. आज तिने प्लेट उजेडाकडे धरली. ठिपका एक नव्हताच. सगळी प्लेट भरून आली होती.

चिठ्ठीवर भाचीचं नाव. वय आठ. नमुना : डाव्या मनगटावरची जखम.

जखम म्हणजे तरी काय, इस्त्रीचा चटका, कोटाच्या बटणाएवढा. धाकट्या बहिणीचा फोन आला तेव्हा हीच म्हणाली होती, दवाखान्यात कशाला धावतेस, मी येते की. गेली. कोपरापर्यंत हात धुतले, हातमोजे, मास्क, निर्जंतुक पट्ट्यांचा बंद पुडा... बहीण दाराला टेकून हसत होती. "ताई, चटका बसलाय गं तिला. ऑपरेशन नाहीये." आणि सगळं इतकं शिस्तीत चाललेलं असताना पोरीने ओठ काढून मनगट पुढे केलं — "मावशी, फुंकर."

आणि मी घातली. मास्क खाली ओढून, अगदी जवळ वाकून, तीनदा. तिला तिसऱ्या वेळी गुदगुल्या झाल्या.

तिसऱ्या दिवशी पुन्हा फोन. ताप, उलट्या. हिने अधिकारवाणीने विचारलं होतं, पू आहे का, वास येतो का, भोवती सूज? "काही नाही गं, छान कोरडी आहे जखम." मग पोटाचं असेल काहीतरी, उद्या बघू... उद्या बघू. हे कुणी म्हणावं? जिला पक्कं ठाऊक की या जंतूच्या विषाला पू लागतच नाही, तिने. जंतू जागचा हलत नाही. त्या बटणाएवढ्या जागेत बसून नुसतं विष सोडतो, आणि विष रक्तात शिरून अंगातले पहारेकरी उठवत सुटतं. एरवी एखाद्या जंतूसाठी हजारोंमधून एखादा उठतो, हे पाचातला एक उठवतं. सगळे एकदम धावतात, चोर कुठे ते कुणालाच माहीत नाही, आणि त्या चेंगराचेंगरीत घरच खाली बसतं. नव्या मुलींना ती हे किती रंगवून सांगायची. मुली हसायच्या.

चौथ्या दिवशी पोरीचं अंग उन्हात भाजल्यासारखं लाल झालं आणि नाडी हाताला लागेना. आता दोन दिवस ती अतिदक्षता विभागात, काचेपलीकडे आहे. मूत्रपिंडं थकलीत, असं डॉक्टर म्हणाले. थकलीत — जणू शाळेतून चालत आलीत.

त्या प्लेटीशेजारी दुसरी प्लेट होती. तिच्यावर नाव नव्हतं.

इथली रीतच होती : नवीन माणूस आलं की पहिला धडा स्वतःच्या नाकाचा. काडी फिरवायची, प्लेटवर ओढायची, दुसऱ्या दिवशी आपल्यात कोण राहतं ते पाहायचं. तिच्या प्लेटवर पहिल्याच दिवशी पिवळं उगवलं, तेव्हा रक्ततपासणीवाला म्हणाला होता, "चमकी कशाला हवी, बाईंच्या नाकात सोनं आहेच." तेव्हापासून मुलींना दाखवायला नेहमी तिचंच नाक. त्यात भ्यायचं काही नव्हतं, चारांत एकाच्या नाकात तो असतो. आणि विष सोडणाऱ्या जातीचा असला तरी मोठ्या माणसाच्या रक्तात बहुधा त्यावरचं उत्तर कधीच तयार झालेलं असतं. आठ वर्षांच्या मुलीत नसू शकतं.

काल तिने पुन्हा आपल्या नाकात काडी फिरवून ही प्लेट लावली होती. दोन्हीकडचा पिवळा एकच. पण पिवळ्याला पिवळा जुळला म्हणून काही ठरत नाही, डोळ्यांना विष दिसत नाही. दोन्ही मोठ्या प्रयोगशाळेत गेल्या तरच...

"भाचीची ना ही?" प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम कधी मागे येऊन उभ्या राहिल्या ते कळलंच नाही. "लगेच पाठवा. आणि ही कुणाची?"

"माझीच. मुलींना दाखवायला."

"आत्ता कुठल्या मुली?" मॅडमनी तिच्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे. "टाकून द्या ती. उगाच गोंधळ नको."

टाकून द्या. औषधं तीच राहणार होती, पोरीला त्याने एका थेंबाचाही फरक पडणार नव्हता. हे खरं होतं, आणि किती सोयीचं होतं. तिने पहिली प्लेट डब्यात बंद केली. दुसरी हातातच राहिली. हात इतका स्थिर होता की तिला स्वतःचीच किळस आली.

फोन थरथरला. बहीण.

तिने उचलला. "बोल गं."

 पलीकडून, "ताई..."

एवढंच. आणि त्या एका शब्दात पोरगी जगतेय की नाही हे ऐकायच्या आधी मी ऐकत होते, की तो शब्द नेहमीसारखाच आहे ना, त्यात माझ्यावर ठपका नाही ना.